तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि लेकीला शित्झू पाहिजे

आंबेवाली
१८ मे, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, इथे बरेच कुत्रेवाले आहेत म्हणून विचारतेय, हसू नका.

गेल्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आलो. त्याआधी पावस गावाजवळ वाडीत घर होतं, तिथे कुत्रा पाळायचा का हा प्रश्नच कधी पडला नाही, तीन-चार कुत्री अंगणात असायचीच, कोणाची कोण ते त्यांनाच माहीत, भाताचा गोळा आणि माशाचं डोकं मिळालं की झालं. आता इथे टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही (लिफ्टची जागा सोडलेली आहे, तिथे सध्या सायकली आणि कोणाचं तरी जुनं कपाट आहे). घरात मी, नवरा, सासू-सासरे आणि लेक, ती आता सहावीत जाईल. तिने दोन वर्षं धोसरा लावलाय कुत्रा कुत्रा म्हणून, आणि या वर्षी नवऱ्याने बेसावध असताना हो म्हणून टाकलं, आता मागे कसं यायचं.

तिला पाहिजे शित्झू, ते लांब केसांचं छोटं कुत्रं. का, तर व्हिडिओ बघून. नवऱ्याला पग आवडतो, तो हच मोबाइलच्या जुन्या जाहिरातीतला. सासूबाईंच्या माहेरी पूर्वी पॉमेरियन होती त्यामुळे त्यांचं मत तिकडे. आणि सासरे म्हणतात घर आहे की गोठा, मी असेपर्यंत घरात कुत्रा येणार नाही. वाडीतल्या कुत्र्यांना रोज भात तेच घालायचे बरं का, पण घरात नको.

मी पतपेढीत जाते, दहा ते साडेपाच. नवरा एमआयडीसीत, शिफ्ट बदलत असते. सासू-सासरे दिवसभर घरीच पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या महिन्यातून दोनदा खाली उतरतात. एसी फक्त आमच्या बेडरूममध्ये आणि तो पण रात्रीच लावतो, बिल बघून.

तर प्रश्न असा की छोटा कुत्रा म्हणजे फ्लॅटला बरा, हे खरंच आहे का? सगळे असंच म्हणतात पण कोण नक्की सांगत नाही का ते. आपल्या इथला घाम आणि चार महिन्यांचा पाऊस या जातींना झेपतो का? एक जण ऑनलाइन सापडलाय, तो म्हणतो ४५ दिवसांचं पिल्लू आहे, रातराणीने पाठवतो, सकाळी स्टॉपवर येऊन घ्या, सोबत केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) जातीचे पेपर. आणि आमच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलंय की सोसायटीत कुत्रा चालणार नाही, तसा ठराव आहे. आहे का तसा ठराव करता येत?

---

चिपळूणची_चिमणी
१८ मे, रात्री ११:१५

माझ्याकडे शित्झू आहे, पाच वर्षं झाली, नाव चिकू. फ्लॅटसाठी म्हणाल तर स्वभाव एक नंबर. भुंकणं फार नाही, बेल वाजली तर दोनदा आणि मग स्वतःच शेपूट हलवत दाराशी, चोर आला तर त्याला पण चाटेल. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपलेला असतो. दोन वेळा वीस-वीस मिनिटं फिरवलं की खूश. केस गळत नाहीत हे पण खरं, काळ्या पँटीवर काही दिसत नाही.

पण ते केस गळत नाहीत म्हणजे वाढतच राहतात हे कोणी सांगत नाही! माणसासारखे वाढतात. रोज विंचरायचे, नाहीतर काखेत, कानामागे, शेपटीखाली अशा गाठी होतात की शेवटी कातरीशिवाय इलाज नाही, आणि त्या गाठींच्या खाली कातडी लाल होऊन ओली राहते. व्हिडिओतला तो जमिनीपर्यंत केसांचा शित्झू कोकणात विसरा. आम्ही चिकूला वर्षभर बारीक कापूनच ठेवतो, दीड-दोन महिन्यांनी एकदा. जुलैमध्ये तर प्रत्येक वेळी खाली नेऊन आणलं की चारही पाय आणि पोट पुसून मग ड्रायर, कारण आपल्याकडे पावसाळ्यात आपली चादर वाळत नाही तर त्याचे केस काय वाळणार. एकदा मी आळस केला, आठवडाभर नुसतं टॉवेलने पुसलं, तर बोटांच्या मध्ये बुरशी, कानात पण इन्फेक्शन, घरात वास असा की पाहुणे विचारायला लागले सुकट कुठे ठेवलंयत.

डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, केस त्यात टोचतात, रोज सकाळी कापूस ओला करून पुसते. हे लेक करणार का तुमची? सहावीतली मुलगी पंधरा दिवस करेल, मग तुम्हीच करणार, हे धरून चाला.

छोटा कुत्रा फ्लॅटला बरा का, तर एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगेन. २२ जुलै २०२१ ला आम्ही चिपळुणात तळमजल्यावर भाड्याने होतो. पाणी पायरीला लागलं तेव्हा वाटलं नेहमीचंच, मग बघता बघता सोफा तरंगायला लागला. चिकू तेव्हा चार महिन्यांचा, धुण्याच्या बादलीत घातला आणि दोन मजले वर नेला, वरच्यांच्या घरात एकोणीस माणसं आणि हा, बादलीतच झोपला. शेजारच्या बंगल्यातला लॅब्राडॉर नेता आला नाही त्यांना, गच्चीवर ढकलला कसाबसा, वाचला, पण तो आवाज अजून आठवतो. उचलता येतो हा छोट्या कुत्र्याचा खरा फायदा. बाकी छोटा म्हणून काम कमी असं काही नसतं.

---

सोड्याची_खिचडी
१९ मे, सकाळी ७:०५

४५ दिवसांचं पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानेच मनाई आहे, २०१७ चे ब्रीडिंगचे नियम आहेत, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण बोर्डाकडे नोंदणी पाहिजे, नंबर मागा, फोन कट करेल बघा. बसच्या डिकीत खोक्यात घालून पाठवतात पिल्लं. आमच्या ओळखीत एकाने असंच मागवलं, आलं तेव्हा सुस्त होतं, लोक म्हणाले प्रवासाने दमलंय, तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण, पार्वो नावाचा विषाणूचा रोग. गेलं. आईला बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, आई चिडकी असेल तर पेपर कितीही चकचकीत असू देत.

---

मालवणचो_झिल
१९ मे, दुपारी १:३०

बाय, मी काय सांगतंय ता नीट आयक. पग घेव नको.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे पग होता, बुलेट. नवऱ्याला सांगा तुमच्या की त्या जाहिरातीने आमचं पण डोकं फिरलेलं. पग साधारण सहा ते आठ किलोचा असावा, आमचा अकरा झालेला कारण घरातला प्रत्येक माणूस त्याला भरवायचा, आई चपाती, बाबा काजू, मी मासे, आणि तो कोणाला नाही म्हणायचा नाही. झोपला की घोरायचा, जागा असला तरी घर्रघर्र चालू, आम्ही त्याचे व्हिडिओ काढून पाठवायचो, लोक हसायचे. ते हसण्यासारखं नव्हतं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, नाक आत दाबलेलं, नाकपुड्या बारीक, घशात मऊ मांस जास्त, म्हणजे तो बिचारा चोवीस तास नळीतून श्वास घेत होता.

मे महिना, लाइट सकाळपासून नव्हती. घरात तो कासावीस होतोय म्हणून मी साडेचारला त्याला किनाऱ्यावर नेला, वाटलं वारा लागेल. माझीच अक्कल. वाळू तापलेली, आणि वारा होता पण कसा ते तुम्हाला माहीत आहे, अंगाला चिकटणारा. वीस मिनिटात जीभ बाहेर, हिरड्या जांभळ्या, तोंडाला फेस आणि मग बसला तो उठेना. मी काय केलं, उचलून पळत सुटलो घराकडे. तिथेच नळाचं पाणी त्याच्या अंगावर, पोटावर ओतायला पाहिजे होतं आणि मग गाडीत घालून खिडकी उघडी ठेवून न्यायला पाहिजे होतं. डॉक्टरपर्यंत पोचलो तेव्हा ताप १०७ च्या वर. रात्री गेला. चार वर्षांचा होता.

पुण्याचा मित्र म्हणतो आमच्याकडे ४० डिग्री असतं, तुमच्याकडे ३३, तुमच्याकडे बरं. बरं काय घंटा. ज्याच्या घरी एसी, इन्व्हर्टर आणि मे महिन्यात दुपारी त्याच्याजवळ बसायला माणूस आहे त्याने पग ठेवावा. आमच्यासारख्याने नाही. शित्झूचं नाक पण दबकंच असतं हे वर ताईंनी लिहिलं नाही, पगइतकं वाईट नसेल, पण जपा.

---

खालचा_मजला
१९ मे, दुपारी ४:१०

मी कुत्रेवाला नाही. मी कुत्रेवाल्यांच्या खाली राहतो.

वरच्या फ्लॅटमध्ये पॉमेरियन आहे. मालक मालकीण दोघं नोकरीला, सकाळी नऊला कुलूप. सव्वानऊला सुरू. जिन्यात पाऊल वाजलं की भुंक, कुरियर आला भुंक, समोरच्या माडावर माकड आलं तर विचारूच नका. संध्याकाळी ते आले की शांत, आणि मी सांगायला गेलो तर म्हणतात आमची राणी तर अजिबात भुंकत नाही हो, तुम्हाला भास होतो. शेवटी मी फोनवर दीड तासाचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. तेव्हापासून बोलणं बंद, भुंकणं चालू. बाल्कनी धुतली की ते पाणी माझ्या वाळवणावर, कोकमं वाळत घातलेली फेकून दिली गेल्या वर्षी.

कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. आठ तास एकटं ठेवलं तर मी पण भुंकेन. घ्यायच्या आधी खालच्या आणि शेजारच्या माणसाला एकदा चहाला बोलवा एवढंच म्हणणं आहे.

---

चिपळूणची_चिमणी
१९ मे, संध्याकाळी ५:२२

मालवणचो_झिल, वाचून कसंतरी झालं. आणि हो, बरोबर बोललात, चिकूला पण मे महिन्यात सकाळी सात नंतर खाली नेत नाही, लिहायचं राहिलं.

खालचा_मजला, तुमच्या कोकमांबद्दल वाईट वाटलं.

---

कमिटीत_अडकलेला
१९ मे, रात्री १०:००

ठरावाबद्दल मी सांगतो, कारण आमच्या कुडाळच्या सोसायटीत हे महाभारत होऊन गेलंय आणि मी तेव्हा खजिनदार होतो, कोणी दुसरं तयार नव्हतं म्हणून.

कुत्र्याला सरसकट बंदी असा ठराव सोसायटीला करता येत नाही. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की सगळ्यांचं एकमत झालं तरी पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, भुंकतो म्हणून काढा म्हणता येत नाही, छोटा चालेल मोठा नको असंही म्हणता येत नाही, आणि भाडेकरूला वेगळा नियम लावता येत नाही. सेक्रेटरींना ते छापून द्या, वर प्राणिमात्रांबद्दल दया बाळगावी हे घटनेच्या कलम ५१ अ मध्येच आहे ते पण सांगा, पण सांगताना आवाज चढवू नका, कारण त्याच माणसाकडे पाण्याच्या टाकीची किल्ली असते.

कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून जिना घाण करायचा असं नाही ना. आमच्याकडे भांडण मिटलं ते कायद्याने नाही, तर त्या कुत्रेवाल्या वहिनींनी स्वतःहून पट्टा बांधल्याशिवाय दाराबाहेर काढणार नाही, जुन्या पेपरात उचलून टाकेन, आणि दर वर्षी रेबीजच्या लशीचं कार्ड बोर्डावर लावेन असं लिहून दिलं तेव्हा. आता त्याच कुत्र्याला सोसायटीच्या पूजेला प्रसाद मिळतो.

---

डॅशची_आई
२० मे, सकाळी ९:१८

कोणी डॅशहाउंड सुचवायच्या आधी मी लिहून टाकते. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही = डॅशहाउंड नाही. लांब पाठ, आखूड पाय, मणक्यातली गादी सरकते, जिने चढून उतरून आणि सोफ्यावरून उड्या मारून आणखी लवकर. माझ्या डॅशला सहाव्या वर्षी मागचे पाय ओढत चालायची वेळ आली, तीन महिने पिंजऱ्यात विश्रांती, आता चालतो पण मी दिवसातून तीन वेळा नऊ किलो उचलून दोन मजले वर-खाली करते, जिमची फी वाचली. शिवाय ही जात बिळात घुसून बिज्जू मारायला तयार केलेली, त्यामुळे आवाज कुत्र्यापेक्षा मोठा आणि गादी उकरणं हा छंद.

बीगल पण नको, तो भुंकत नाही, रडतो, सूर लावून.

---

आंबेवाली
२० मे, दुपारी २:४०

सगळ्यांचे आभार, मालवणच्या दादांचं वाचून नवऱ्याने पगचा विषय स्वतःच बंद केला. तो रातराणीवाला पण बंद, नोंदणी नंबर विचारला तर म्हणाला मॅडम घ्यायचा असेल तर घ्या, चौकशा करू नका.

म्हणजे शित्झू की पॉम, एवढंच उरलं ना? आणि टॉयलेटचं कसं करतात तीन मजल्यांवरून, पिल्लू खाली पोचेपर्यंत थांबतं का?

---

निवृत्त_पशुधन
२० मे, रात्री ९:३०

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, दापोली, गुहागर, शेवटी रत्नागिरी. बहुतेक आयुष्य गाईगुरांत गेलं, पण शेवटच्या दहा वर्षांत दवाखान्यात म्हशीच्या मागे रांगेत पिशवीतला शित्झू दिसायला लागला, तेव्हा त्यांचंही थोडंफार शिकलो. मोठं लिहितोय, वेळ भरपूर आहे.

पहिलं, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडा पंजाच्या तळव्यांना येतो तेवढाच. तो धापा टाकून थंड होतो, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी हवेत उडून जातं त्याने. हवा आधीच ओलीचिंब असेल तर ते पाणी उडणार कुठे? म्हणून कोकणातले ३३ डिग्री त्याला देशावरच्या ३८ पेक्षा जड जातात. आखूड नाकाचा असेल तर धाप टाकायचं यंत्रच लहान. पॉमचं नाक बरं असतं, पण अंगावर दुहेरी केसांचा कोट. तो उन्हाळ्यात भादरू नका, तो कोट ऊन आणि उष्णता थोडी अडवतो, आणि भादरल्यावर केस कधी कधी नीट परत येत नाहीत. रोज विंचरून आतले मेलेले केस काढायचे, फरशीवर ओलं फडकं टाकून ठेवायचं, तो आपसूक त्यावर पोट टेकून झोपतो.

आणि आपल्याकडे पॉम म्हणून जे पांढरं कुत्रं घरोघरी होतं, तुमच्या सासूबाईंच्या माहेरचं पण, ते बहुधा पॉमेरियन नसून इंडियन स्पिट्झ असणार. थोडं मोठं, तोंड लांब. इथल्या हवेत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं, त्यामुळे निभावतं. खरा पॉमेरियन तीन किलोच्या आतबाहेर, गुडघ्याची वाटी सरकायची आणि श्वासनळी दबायची तक्रार त्यांच्यात बरीच, त्याला गळपट्टा न लावता छातीचा पट्टा लावतात तो म्हणूनच. तुमची फरशी गुळगुळीत टाइल्सची असेल तर चालायच्या वाटेवर काथ्याची पायपुसणी किंवा रबरी मॅट टाका, घसरून घसरून वाट्या सरकतात.

टॉयलेटचं विचारलंत. अंदाज असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास फार तर थांबतं. तीन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही झोपलेलं असेल तर. तीन मजले उतरेपर्यंत दुसऱ्या मजल्यावर काम झालेलं असेल. तेव्हा बाल्कनीत किंवा मोरीत एक कोपरा, त्यावर पेपर, उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच तिथे न्यायचं, झालं की तिथल्या तिथे कौतुक करायचं. चुकलं तर ओरडून उपयोग नाही, त्याला एवढंच कळतं की माणसासमोर मुतायचं नाही, मग ते कपाटामागे जातं. लशी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर ठेवूच नका, पार्वो मातीत महिनोन् महिने टिकतो. बाल्कनीच्या ग्रिलच्या गजांत किती अंतर आहे ते मोजा, छोटं पिल्लू डोकं घालतं आणि डोकं गेलं की अंग जातं. खालच्या दोन फुटांना जाळी मारून घ्या.

आता आपल्या भागात जपायचे दोन रोग. एक गोचिडातून येणारा ताप. शित्झूच्या कानाच्या केसात गोचीड लपला तर आठवडा आठवडा दिसत नाही, मग ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. दर महिन्याची गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच वापरा. गोठ्यात फवारतो ते औषध पातळ करून चार किलोच्या कुत्र्याला लावणारे महाभाग मी बघितलेत, गोचीड मेले आणि कुत्रं पण. दुसरा लेप्टो. उंदराचं मूत पावसाच्या साठलेल्या पाण्यात उतरतं, कुत्रा ते पाणी पितो किंवा जखमेतून लागण होते, आणि कुत्र्याकडून ती आपल्याला पण होऊ शकते. लेप्टोचा भाग असलेली लस घ्या आणि ती दर वर्षी, पावसाआधी. रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग दर वर्षी, यात चालढकल नाही.

खाण्यात कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट नको, म्हणजे आपली आमटी भातावर घालून द्यायची नाही. डोकं दुखल्यावर आपण घेतो त्या गोळ्या तर अजिबात नाहीत. आणि आंब्याची बाठ! मे महिन्यात माझ्याकडे दर वर्षी एक तरी केस यायची, चोखून टाकलेली बाठ लहान कुत्र्याने गिळली आणि आतड्यात अडकली. मोठ्या कुत्र्याची कधी सुटते, चार किलोवाल्याचं पोट फाडावं लागतं, आणि त्यासाठी सोनोग्राफी, भूल देणारा, सगळं एका जागी मिळायला अनेकदा कोल्हापूर गाठावं लागतं, रात्रीचा आंबा घाट आणि मांडीवर कण्हणारं जनावर, हे पण हिशेबात धरा. तुमचं नाव आंबेवाली आहे म्हणून विशेष सांगितलं. किनाऱ्यावर नेलात तर मेलेला केंड मासा पडलेला असतो त्याच्याकडे जाऊ देऊ नका, जहाल विषारी.

गणपतीत सगळे पावसला जाणार असाल तर त्यालाही न्याल, तेव्हा रात्री अंगणात बांधू नका. बिबट्याला पाच किलोचा कुत्रा म्हणजे चिवडा.

शित्झू की पॉम, याचं उत्तर मी देत नाही, त्याऐवजी एक काम देतो. पाऊस लागला की पंधरा दिवस, कुत्रा नसताना, घरातल्या एकाने रोज पहाटे साडेपाचला आणि रात्री दहाला छत्री घेऊन तीन मजले उतरायचं, दहा मिनिटं उभं राहायचं, वर येऊन पाय पुसायचे. रविवारी पण. कोण किती दिवस टिकतं ते कॅलेंडरवर लिहा. जो टिकेल, कुत्रा त्याचा, बाकीचे बघे.

---

खालचा_मजला
२० मे, रात्री १०:०५

निवृत्त साहेब, हे वरच्यांना प्रिंट काढून दिलं तर चालेल का.

---

सोड्याची_खिचडी
२१ मे, सकाळी ६:५०

पिल्लूच कशाला पाहिजे? मोठं झालेलं कुत्रं घ्या, बदली झाली, बाळ झालं, घर बदललं म्हणून लोक शित्झू-पॉम सोडून देतात, तीन-चार वर्षांचं, स्वभाव समोर दिसतो, मुतायची सवय लागलेली असते. गावठी पण फ्लॅटमध्ये मस्त राहतात, आमची राहते. केस बारीक, नाक लांब, उन्हाला सरावलेली, विंचरणं बिंचरणं काही नाही. फक्त रोज तासभर चालवावी लागते नाहीतर चपला खाते. चपला म्हणजे फक्त डाव्याच, का ते विचारू नका.

---

आंबेवाली
९ जुलै, रात्री ८:५५

सांगायला आले. पाऊस लागल्यावर केलं ते पंधरा दिवसांचं. कॅलेंडर फ्रिजवर लावलं. नवरा चौथ्या दिवशी बाद, नाइट शिफ्टचं कारण. मी सातव्या, सर्दी. लेक नवव्या दिवसापर्यंत आली, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच, मग शाळा सुरू झाली आणि पहाटे उठवलं तर अंथरुणातून म्हणाली आई उद्या.

पंधराचे पंधरा दिवस कोण उतरलं तर सासरे. त्यांनी भाग घेतलेलाच नव्हता, ते म्हणे रोज पावणेसहाला दूध आणायला जातातच आणि रात्री जेवून झाल्यावर पानपट्टीपर्यंत, हे आम्हाला सहा महिने माहीत नव्हतं. लेकीने त्यांचंच नाव कॅलेंडरवर लिहिलं. ते म्हणाले खोड ते, मी कुत्र्यासाठी उतरत नाही. खोडलं नाही तिने.

शित्झूचं सध्या बाजूला ठेवलंय, चिपळूणच्या ताईंचं ते ड्रायर आणि गाठी वाचून माझा धीर झाला नाही, लेकीला पण वाचायला दिलं, ती म्हणाली डोळे पुसेन पण पोटाखालचं तू कर. नणंदेची कुडाळला स्पिट्झ आहे, पाच वर्षांची, मोती नाव (बाई आहे, पण मोती). नणंदेचं ऑपरेशन आहे म्हणून ती दहा दिवस आमच्याकडे आणली, बघू म्हटलं कसं जमतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून आले, कोकम सरबत पाजलं. सेक्रेटरींना ते २०१५ चं छापून दिलं, त्यांनी खिशात घातलं, अजून काही बोलले नाहीत.

आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी बेल वाजली की भुंकली, दुपारी मी नसताना फोन ठेवून रेकॉर्ड केलं तर अडीच तासात दोनदा, एकदा गॅसवाला आणि एकदा समोरच्यांच्या प्रेशर कुकरला. केस मात्र सगळीकडे, डब्यात पण, उद्यापासून झाकण लावून भाजी चिरणार. एक गोचीड मिळाला कानामागे, सासूबाईंनी चष्मा लावून शोधला, बसल्या जागी त्यांना काम मिळालं. पेपरवर जायची तिला सवय आहे, बाल्कनीत. फक्त सासऱ्यांनी कालपासून नियम काढलाय की आजचा पेपर घालायचा नाही, कालचाच घालायचा, आणि तो पण कोडं सोडवून झालेलं आहे ना ते आधी बघायचं.